कुलपातले गोडसे भटजी

माणसाने जुन्या पुस्तकांचा नाद करू नये. त्यापेक्षा तंबाखूचा बरा. तिला निदान वाळवी लागत नाही.

मला नाद आहे वरसईच्या विष्णुभट गोडशांच्या ‘माझा प्रवास’चा. बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल, घरचं कर्ज फिटेल, म्हणून हा भिक्षुक १८५७ साली काकांबरोबर उत्तरेला निघाला आणि नेमका बंडात सापडला. झाशीचा वेढा, लूट, सगळं त्याने डोळ्यांनी पाहिलं. लिहिलं मात्र कित्येक वर्षांनी. त्यामुळे कोणी त्याला ‘रोजनिशी’ म्हटलं की मी आवर्जून चूक दुरुस्त करतो. संग्राहकाला एवढा तरी आनंद हवाच!

हे पुस्तक चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली प्रथम छापलं. ती आवृत्ती माझ्याकडे आहे. पण वैद्यांनी मूळ मजकुरात बरीच फिरवाफिरव केली होती. राज्य इंग्रजांचं, करतात काय बिचारे! भटजींचा अस्सल मजकूर दत्तो वामन पोतदारांनी छापला तो १९६६ साली. म्हणजे माझी जुनी प्रत खरी नव्हे आणि खरी प्रत जुनी नव्हे.

परवा शेजारचा कॉलेजातला मुलगा आला. “काकाजी, वाचाले द्या न.” मी सहासष्टची प्रत लगेच दिली. सातची दाखवली, तीही लांबून. तो गेल्यावर सौ. म्हणाली, “अहो, खरं बोलणारा भटजी कुणाच्याही हाती द्यायचा आणि भीत भीत बोलणारा कुलपात ठेवायचा, असंच ना?”

मी चप्पल घालून बाहेर पडलो. आमच्या कारंज्यातल्या जैन मंदिरांत जुन्या पोथ्यांची भांडारं आहेत. त्यांतलेच अपभ्रंश ग्रंथ डॉ. हीरालाल जैनांनी १९३०च्या दशकात संपादून छापले. जपणं हेही पुण्यच, असं मी मनाला समजावत होतो. पण जैनांत शास्त्रदान म्हणून एक गोष्ट आहे. पदरचे पैसे घालून पोथी नकलून घ्यायची आणि देऊन टाकायची. स्वतःच्या कपाटासाठी नव्हे. आणि आमचे भटजी? त्यांची कमाई लुटली गेली, तरी गंगेची कावड त्यांनी वरसईपर्यंत आणली आणि आईवडिलांना त्या पाण्याने न्हाऊ घातलं. जपून नाही ठेवली!

आज त्या मुलाला पुन्हा बोलावलं. म्हटलं, “हीसुद्धा ने. दोन्ही शेजारी ठेव आणि वैद्यांनी कुठे काय बदललं ते मला सांग.” मी स्वतः कधी ताडून पाहिलंच नव्हतं. मुलगा खुशीत निघाला.

तो फाटकाशी पोचला आणि मला राहवेना. “पानं दुमडू नको रे!”