न वाचलेली अक्षरे

आल्फ्रेड जेन्सन या चित्रकाराचे चित्र प्रथमच पाहताना आपण गोंधळून जातो. बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन, त्यांत जाड थरांनी भरलेले झगझगीत रंग, मधूनमधून आकडे आणि चिन्हे. माणूस नाही, झाड नाही. ‘असे तर आमच्या मुलानेही काढले असते’, असे म्हणून आपण पुढे सरकतो.

जेन्सनचा जन्म १९०३ साली ग्वाटेमालात, प्राचीन माया लोकांच्या भूमीत झाला. पुढे अमेरिकेत स्थायिक झालेल्या या चित्रकाराने १९८१ साली निधन होईपर्यंत गणित, रंगशास्त्र आणि मायांची कालगणना यांतून आपली चित्रे घडवली. त्या मायांनी दुर्बिणीवाचून शुक्राची गती मोजली होती. शुक्राचे एक आवर्तन ५८४ दिवसांचे. अशी पाच आवर्तने म्हणजे ३६५ दिवसांची नेमकी आठ वर्षे, हे त्यांनी ताडले होते.

या लोकांचे जेमतेम चार ग्रंथ आज उरले आहेत. काही दमट हवेने नासले. काही आपल्याच माणसांनी जाळले. १५६२ साली युकातानमधील मानी गावी फ्रान्सिस्कन धर्मगुरू दिएगो दे लांदा यांनी ते सैतानी ठरवून अग्नीत टाकले. त्या चौकशीत अनेक मायांचा छळही झाला. पुढे याच लांदांनी मायांचे दिवस आणि चिन्हे एका ग्रंथात नोंदवली. त्या नोंदींच्या आधारे १९५२ साली रशियन संशोधक युरी क्नोरोझोव्ह यांनी माया लिपी उलगडण्याची वाट दाखवली. ज्या हाताने जाळले, त्याच हाताने किल्लीही राखून ठेवली होती.

लांदांना श्रद्धेची कळकळ नव्हती, असे आपण म्हणणार नाही. उणीव होती ती धीराची. जे वाचता येत नाही ते वाईटच असणार, असे त्यांनी धरून चालले. ज्या आकाशात परमेश्वराची व्यवस्था दिसते, त्याच आकाशाचा हिशेब त्या पानांवर असू शकेल, हे त्यांच्या मनात आले नाही.

मग न कळणारे सारेच थोर मानावे काय? मुळीच नाही. जेन्सनचे चित्र न आवडण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. निवाडा जरूर करावा. मात्र त्याआधी वाचायला शिकावे. परक्याची पूजा, शेजाऱ्याची रीत, आपल्याच मुलाचे न उमगणारे बोलणे, या साऱ्यांपुढे आपण रोज उभे असतो. आग लावायला क्षण पुरतो. अक्षर ओळखायला कधी चारशे वर्षे लागतात.