आकडा आणि चेहरा

लाखनीकडच्या आमच्या मामाजींचं कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं आणि रात्रीची एक गोळी सुरू झाली. तीन महिन्यांत आकडा उतरला, पण चेहराही उतरला. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत रात्रभर नाटक बघणारा हा माणूस यंदा घराबाहेर पडला नाही. ‘गोळीनंच केलं,’ म्हणाले, आणि कुणाला न सांगता त्यांनी ती बंद केली.

ही शंका काही वेडगळ नाही. १९९० साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये जुन्या चाचण्यांचा एकत्रित हिशेब आला होता. कोलेस्टेरॉल उतरवलेल्या गटात हृदयविकाराचे मृत्यू कमी होते, पण अपघात, आत्महत्या, हिंसा यांतले जास्त. पुढे स्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधांच्या मोठ्या चाचण्यांत तसं दिसलं नाही. मेंदू आपल्यापुरतं कोलेस्टेरॉल स्वतःच तयार करतो, रक्तातलं तिथवर फारसं पोचत नाही. शिवाय उदास माणसाची भूक मरते, वजन घटतं, त्यानंही आकडा उतरतो. मग आधी काय उतरलं, हे कसं ठरवायचं? तरीही गोळी सुरू झाल्यावर कुणाचं मन वा झोप बिघडली, तर ते ऐकून घेतलंच पाहिजे. डॉक्टर गोळी बदलून पाहू शकतात. परस्पर बंद करण्यात मात्र हृदयाला धोका आहे.

मी मामाजींकडे दोन दिवस राहिलो, तेव्हा मला दिसलं ते ताट. त्यांचं ताट वेगळं, सगळ्यांच्या आधी, एकट्याचं. उकडलेली भाजी, कोरडी पोळी. बोडीतली, म्हणजे गावच्या लहान तळ्यातली, मासळी बंद, जवसाची चटणीही बंद. खरं तर जवसात ओमेगा-३ असतं, आणि कमी तेलात शिजवलेल्या मासळीनं कुणाचं काही बिघडत नाही. पण भीतीपोटी घरानं सगळंच काढून घेतलं होतं, आणि त्याबरोबर जेवतानाच्या गप्पाही. मला वाटतं, त्यांच्या उदासीचा मोठा वाटा तिथे होता.

दुसऱ्या रात्री मामींनी सगळ्यांची पानं एकत्र मांडली. मामाजींनी भातावर चटणी घेतली, बोटानं कालवली, आणि कितीतरी दिवसांनी धानाच्या भावावर बोलले.

सोमवारी भंडाऱ्याला डॉक्टरांकडे जायचं ठरलं. मामींनी रिपोर्ट पिशवीत घातला. मी म्हटलं, ‘मामाजी, गोळी बंद केली तेही सांगा, आणि मन लागत नाही तेही.’

‘हे बी सांगाचं असते?’ त्यांनी विचारलं.