मुलांच्या हातचें पुस्तक

कोवळ्या वयाच्या मुलामुलींस कोणतें पुस्तक वाचूं द्यावें व कोणतें देऊं नये, हा प्रश्न प्रत्येक आईबापापुढें व शिक्षकापुढें येतो. शंका येतांच पुस्तक काढून घेतलें म्हणजे मूल निर्दोष राहील, असें कित्येकांस वाटतें. हें खरें आहे काय?

अमेरिकेंतील कृष्णवर्णीय लेखक रिचर्ड राईट ह्यांचें उदाहरण पाहा. तरुणपणीं ते मेम्फिस शहरीं नोकरी करीत. तेथील सार्वजनिक ग्रंथालयांतून कृष्णवर्णीयांस पुस्तकें मिळत नसत. म्हणून त्यांनीं एका गोऱ्या सोबत्याचें कार्ड मागून घेतलें, त्याच्या नांवानें स्वतःच चिठ्ठी लिहिली, आणि आपण केवळ निरोप्या आहों असें भासवून पुस्तकें आणिलीं. बंदीनें त्यांस निर्दोष ठेविलें नाहीं. लबाडी मात्र शिकविली. पुस्तकांनीं मात्र आपलें दुःख शब्दांत मांडतां येतें, हें शिकविलें. ही हकीकत त्यांनीं १९४५ सालीं ‘ब्लॅक बॉय’ ह्या आत्मचरित्रांत सांगितली.

१९७६ सालीं न्यूयॉर्क राज्यांतील आयलंड ट्रीज येथील स्कूल बोर्डानें तेंच पुस्तक इतर कांहीं पुस्तकांसह शाळेच्या ग्रंथालयांतून काढविलें. हीं पुस्तकें ख्रिस्तविरोधी व घाणेरडीं आहेत, असा आरोप होता. पुढें ‘ब्लॅक बॉय’ आईबापांच्या संमतीनें द्यावें असें ठरलें. नऊ पुस्तकें बंदच राहिलीं. तेव्हां पांच विद्यार्थी न्यायालयांत गेले. १९८२ सालीं सर्वोच्च न्यायालयांत पांच विरुद्ध चार मतांनीं त्यांचा पक्ष टिकला. केवळ विचार आवडत नाहींत म्हणून बोर्डानें ग्रंथालयांतील पुस्तकें काढूं नयेत, असें न्यायमूर्ति ब्रेनन ह्यांनीं लिहिलें.

मग मुलांनीं वाटेल तें वाचावें काय? असें नव्हे. कांहीं लिखाण खरोखरच हीन असतें, आणि वयाचाहि विचार हवा. आपल्या मुलाविषयीं आईबापांनीं अवश्य ठरवावें. परंतु शेजाऱ्याच्या मुलाचें पुस्तक हिरावण्याचा अधिकार त्यांस कोणीं दिला? १५२६ सालीं विल्यम टिंडेल ह्यांचा इंग्रजी नवा करार लंडनांत बिशपाच्याच हुकुमानें जाळला गेला. तेथेंहि लोकांच्या हिताचेंच कारण पुढें केलें होतें.

आपल्यांतील पुष्कळांच्या वाडवडिलांस अक्षरहि शिकूं दिलें जात नव्हतें. निदान आपण तरी मुलाच्या हातचें पुस्तक हिसकावूं नये. त्याच्याजवळ बसावें, तें पुस्तक आपणहि वाचावें, आणि काय पटलें, काय खटकलें, हें त्यास विचारावें. पारख अशानेंच येते. कुलूप लावलेलें कपाट ती शिकवीत नाहीं.