लाज कोणी राखायची?



मर्यादा मोडली, असे केव्हा म्हणावे? जिच्यावर उघड्यावर येण्याची वेळ आली तिने ती मोडली, की ज्याने रोखून पाहिले त्याने? वारीच्या वाटेवर हा प्रश्न दरसाल उभा राहतो. त्याच्या चिंतनासाठी आज दृष्टांत परमुलखातला घेऊ.

इंग्लंडात कॉव्हेंट्री नावाचे नगर आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वी त्या प्रांतावर लिओफ्रिक नावाच्या बड्या सरदाराचा अंमल होता. त्याची पत्नी गोडायव्हा. तिच्या मूळ नावाचा अर्थ 'देवाची देणगी'. उभयतांनी १०४३ च्या सुमारास कॉव्हेंट्रीत मठ स्थापला आणि सोन्यारूप्याने भरला. बाराव्या शतकातला इतिहासकार विल्यम ऑफ माम्सबरी लिहितो की, या बाईने रत्ने दोऱ्यात ओवली होती आणि एकेक मणी सारीत ती आपली प्रार्थना मोजी. ती माळ येशूची माता मेरी हिच्या मूर्तीच्या गळ्यात घालावी, असे ती मरताना सांगून गेली. आपल्या गळ्यात तुळशीचे मणी, तिच्या हातात रत्नांचे. मोजायचे ते देवाचे स्मरणच.

आता आख्यान ऐका. नगरावर करांचा भार फार झाला. गोडायव्हा पतीला वारंवार विनवी, "लोकांना सोडवा." तो चिडून म्हणाला, "विवस्त्र होऊन, घोड्यावर बसून भरल्या बाजारातून जा, मग सोडवीन." हिने विचारले, "तशी परवानगी आहे ना?" केस मोकळे सोडले, त्यांनी अंग झाकले आणि ती निघाली. परतली तेव्हा पतीने शब्द पाळला.

येथे पहिली शंका. हे खरे घडले काय? ही कथा प्रथम लिहिली रॉजर ऑफ वेंडोव्हर या साधूने, बाईच्या मृत्यूनंतर सुमारे दीडशे वर्षांनी. शिवाय १०८६ च्या सरकारी मोजणीत कॉव्हेंट्रीची जमीन खुद्द गोडायव्हाच्या नावावर आहे. स्वतःच्या गावाचा कर माफ करायला पतीपुढे पदर का पसरावा? शंका रास्त आहे. आख्यानाला इतिहास म्हणू नये. परंतु पिढ्यान्पिढ्या लोकांनी त्यात काय भर घातली, ते पाहण्याजोगे आहे.

वेंडोव्हरच्या कथेत बाजार भरलेला आहे. बाईची लाज राखली ती तिच्या केसांनी. सोळाव्या शतकातल्या कथेत नवी गोष्ट आली. लोकांनी घरात राहावे, खिडक्या लावून घ्याव्यात, अशी आज्ञा झाली आणि ती लोकांनी पाळली. त्याहीनंतर एक टॉम आला. सांगतात की, तो शिंपी होता, त्याने फटीतून पाहिले आणि त्याची दृष्टी गेली. चोरून पाहणाऱ्याला इंग्रजीत आजही त्याचेच नाव देतात. म्हणजे लाज राखण्याचा भार कथेने हळूहळू बाईच्या केसांवरून काढून नगराच्या डोळ्यांवर ठेवला. लोकमनाने केलेले हे निरूपण मला फार मोलाचे वाटते. जिने लोकांसाठी आपला मान पणाला लावला, तिचा मान लोकांनीच राखायचा.

दुसरी शंका याहून अवघड. कौरवसभेत भीष्मद्रोणांनीही माना खाली घातल्या होत्या. मग तेही पुण्यवान म्हणायचे काय? नव्हे. तेथे अन्याय चालला होता आणि तो थांबवण्याचे बळ त्यांच्या अंगी होते. त्यांनी खाली पाहिले ते स्वतःला वाचवण्यासाठी. कॉव्हेंट्रीकरांनी खिडक्या मिटल्या त्या तिच्यासाठी. डोळे मिटण्याची क्रिया एकच, पण एकीकडे भय आहे, दुसरीकडे आदर. आणि ज्याने ती अट घातली त्या सरदाराचा दोष कोणाच्याही मिटलेल्या खिडकीने झाकत नाही.

माउली, दिंडीच्या मुक्कामी पहाटे टँकरपाशी, नदीच्या काठी आपल्या आयाबहिणी लुगड्याचा आडोसा धरून स्नान उरकतात. त्यांना हौस नाही. चार भिंती नाहीत म्हणून. तेथून जाताना नजर खाली घालणे हा कॉव्हेंट्रीचा धर्म. पण शेजारी कोणी मोबाईल रोखून उभा असेल, तर तेथे खाली पाहणे हे कौरवसभेतले पाप. त्याचा हात धरावा. आणि ज्याच्या पदरी पैसा अथवा अधिकार आहे, त्याने मुक्कामी चार भिंतींची सोय करावी. आपण एकमेकांच्या पाया पडतो, समोरच्याला माउली म्हणतो. जिला माउली म्हटले तिची लाज राखणे हे भजनाइतकेच नित्याचे काम आहे.

रामकृष्ण हरी.