चुकीची ॲनी

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये, असं आपल्याकडे म्हणतात. आयरिश वंशाच्या अमेरिकन माणसाला हे सांगून उपयोग नाही. १८४५मध्ये आयर्लंडच्या बटाट्यावर रोग पडला. पुढच्या सात वर्षांत सुमारे दहा लाख माणसं मेली, त्याहून जास्त देश सोडून गेली. दुष्काळ संपल्यावरही जहाजं भरतच राहिली. त्या माणसांच्या खापरपणतवंडांना आज जाणून घ्यायचंय, आपण नेमके कुठले?

शोधायला बसलं की आधी राख लागते. १९२२च्या यादवी युद्धात डब्लिनमधलं सरकारी दफ्तर जळालं. १८२१ ते १८५१च्या चार जनगणनांचे बहुतेक कागद त्यात गेले. पुढच्या चार जनगणनांचे कागद सरकारने स्वतःच नष्ट केले होते. उरल्या १९०१ आणि १९११. मधल्या काळासाठी ‘ग्रिफिथचं मूल्यांकन’ आहे, पण ती करासाठी केलेली यादी. तिच्यात घर-जमीन ज्याच्या नावावर, त्याचं नाव सापडतं. त्याची मुलंबाळं नाहीत.

मग मोह होतो. नाव जुळतंय, गावही जवळपासचं आहे, तर हेच आपले. असं म्हटलं तर बिघडलं कुठे? मेलेल्यांना थोडंच कळणार आहे?

ॲनी मूरची गोष्ट ऐका. १ जानेवारी १८९२ला न्यूयॉर्कचं एलिस आयलंड स्थलांतरितांसाठी उघडलं. पहिलं पाऊल पडलं ते कॉर्कहून दोन भावांना घेऊन आलेल्या या मुलीचं. पुढे अनेक वर्षं सगळे समजत होते, की ती टेक्सासला गेली आणि तिथे अपघातात वारली. तिथल्या ॲनीच्या वंशजांना समारंभांना मानाने बोलावलं जाई. २००६मध्ये वंशावळतज्ज्ञ मेगन स्मोलेन्याक यांनी कागद लावून दाखवले, की टेक्सासची ॲनी जन्मली होती इलिनॉयमध्ये. खरी ॲनी न्यूयॉर्कमध्येच, गरीब स्थलांतरितांच्या दाटीवाटीच्या वस्तीत राहिली. तिची कितीतरी मुलं लहानपणीच गेली. १९२४मध्ये तीही गेली. तिच्या कबरीवर दगडसुद्धा नव्हता. तो लागला २००८मध्ये.

टेक्सासचं कुटुंब लबाड नव्हतं. घरात ऐकलेलं त्यांनी खरं मानलं, आणि लोकांनाही ते आवडलं. बंदरावर उतरलेली पोर थेट पश्चिमेला निघते, ही गोष्ट कुणाला आवडणार नाही? खोलीत लेकरं गमावणाऱ्या बाईच्या गोष्टीवर टाळ्या पडत नाहीत.

मला वाटतं, या चुकीत दोघींचं नुकसान झालं. न्यूयॉर्कच्या ॲनीचं आयुष्य कुणी विचारलंच नाही. आणि टेक्सासच्या ॲनीला दुसरीच्या जहाजात बसवताना तिचं स्वतःचं इलिनॉय पुसलं गेलं. ती कोण होती, हे तिच्याच माणसांना शोधावंसं वाटलं नाही, कारण उत्तर आधीच मिळालं होतं.

पूर्वज आपल्याकडे अभिमान मागत नाहीत. एवढंच देणं लागतो आपण त्यांचं, की सोयीचं कुणीतरी त्यांच्या जागी बसवू नये. म्हणून कागद जुळत नसेल, तर वंशावळीतला तो चौकोन रिकामा ठेवावा. तिथे कुणीतरी होतं, एवढं तर तो सांगतोच.