शर्यतींतून बाद कोण?

शास्त्रपाठ : इब्री लोकांस पत्र, अध्याय १२, आरंभींचीं वचनें



करिंथ शहराजवळ दर दोन वर्षांनीं मोठा क्रीडोत्सव भरत असे. पौल प्रेषितानें करिंथकरांस धांवण्याचा दाखला दिला, तो त्यांस समजावून सांगावा लागला नसेल. आमच्या मोरिवलीच्या बाजूस, जेथें वस्तीला कारखान्यांच्या भिंती येऊन भिडल्या आहेत, तेथें तसा उत्सव भरत नाहीं. परंतु जगांतील शर्यती आतां घरोघरीं पडद्यावर दिसतात. म्हणून आज स्त्रियांच्या अडथळ्यांच्या शर्यतीचा दाखला घेऊं.

ही शर्यत १०० मीटरांची. वाटेंत दहा अडथळे, प्रत्येक सुमारें ८४ सेंटिमीटर उंच. पहिला १३ मीटरांवर, आणि पुढें दर साडेआठ मीटरांवर एक. दोहोंच्या मध्यें धांवणारी तीनच पावलें टाकिते. चौथ्या पावलानें तिची लय मोडते. आतां असें विचारतों कीं, पाय लागून अडथळा पडला तर काय होतें? पुष्कळांस वाटतें कीं ती बाद झाली. तसें नाहीं. अडथळ्याची घडणच अशी केलेली असते कीं, पायाचा जोर लागतांच तो पुढें कलंडावा. वेळ जातो, तोल जातो, कधीं गुडघा फुटतो. पण तेवढ्यानें धांवणारी बाद होत नाहीं. बाद होते ती अडथळा टाळून बाजूनें जाणारी, हातानें लोटून पाडणारी, किंवा दुसरीच्या पट्ट्यांत शिरून तिला अडविणारी.

१९९२ सालीं बार्सिलोना येथील ऑलिंपिकमध्यें अमेरिकेची गेल डेव्हर्स ह्या शर्यतींत धांवली. थोड्याच वर्षांपूर्वीं गळ्यांतील ग्रंथीच्या विकारानें ती इतकी आजारी होती कीं, पाय कापावे लागतील कीं काय अशी डॉक्टरांस भीति पडली होती. त्याच ऑलिंपिकमध्यें तिनें १०० मीटरांची सपाट शर्यत जिंकिली. मग अडथळ्यांच्या अंतिम शर्यतींत ती सर्वांच्या पुढें असतां शेवटच्या अडथळ्यास तिचा पाय लागला. ती अडखळली आणि पडत-झडत रेषेपार गेली. सुवर्णपदक ग्रीस देशाच्या पातूलिदू हिला मिळालें. पण डेव्हर्स हिचें नांव निकालपत्रकांत पांचव्या जागीं आहे, बाद झालेल्यांत नाहीं.

आतां आपल्या मंडळींकडे पाहूं. एकानें तीन वर्षें दारू सोडिली आणि भावाच्या लग्नांत पुन्हां घेतली. एका आईनें लेंकराचा ताप उतरेना म्हणून रात्रीं भगताला बोलाविलें. दुसऱ्या दिवशीं सर्व गांवाला कळलें, आणि येणाऱ्या रविवारीं त्यांची जागा रिकामी दिसली. त्यांस कोणीं काढून टाकिलें? पाळकांनीं नाहीं, प्रभूनें तर नाहींच. आमच्या नजरांनीं काढिलें. मला तर असें दिसतें कीं, जो पडतो तो लाजेनें मागल्या दाराशीं बसतो. आणि जो अडथळ्यास वळसा घालून गेला, खोटें वजन वापरून घर भरलें, तो बहुधा पुढल्या बाकावर वर्गणी देतांना दिसतो. शिस्त नको असें मी म्हणत नाहीं. शिस्त कोणास लावावयाची हें मात्र आम्हीं उलटें धरिलें आहे.

दुसरी गोष्ट आपल्या देशाची. २०२३ सालीं चीनमधील हांगझो येथें आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. विशाखापट्टणमची ज्योती याराजी, एका पहारेकऱ्याची मुलगी, ह्याच शर्यतीस उभी राहिली. चीनची वू यान्नी बंदुकीच्या आवाजाआधींच सुटली, आणि तिच्या हालचालीनें ज्योतीही हालली. पंचांनीं दोघींसही बाद ठरविलें. ज्योतीनें मैदान सोडिलें नाहीं. चित्रफीत पुन्हां पाहावी असा तिनें आग्रह धरिला. अखेर निर्णय राखून ठेवून दोघींसही धांवूं दिलें. ज्योती तिसरी आली. पुढें वू यान्नी बाद ठरली, आणि १२.९१ सेकंदांत धांवलेल्या ज्योतीस रौप्यपदक मिळालें. पंचांजवळ यंत्रें असतांही पहिली नजर चुकली. आमच्याजवळ तर नळावर ऐकलेली गोष्ट असते, तीही तिसऱ्या तोंडून.

कोणी म्हणेल, अडथळे असे सहज कलंडते तर आमचें काय दुखणें होतें! खरें आहे. न पडणारे अडथळेही आहेत. सातारा जिल्ह्यांतील माण तालुका दुष्काळाचा. तेथील मोही गांवच्या शेतकऱ्याची मुलगी ललिता बाबर हिची शर्यत ३००० मीटरांची होती. तींत जड लांकडी अडथळे २८ वेळां आणि पाण्याची उडी ७ वेळां. ते अडथळे कलंडत नाहींत. आपटलें तर माणूसच पडतें. पण त्या शर्यतीच्या नियमांत एक दया आहे. अडथळ्यावर पाय ठेवून पलीकडे जाण्याची मुभा आहे, आणि त्यांत कमीपणा नाहीं. २०१६ सालीं रिओ ऑलिंपिकच्या प्राथमिक फेरींत ललितानें ९ मिनिटें १९.७६ सेकंदांचा नवा राष्ट्रीय विक्रम केला, आणि १५ ऑगस्ट रोजीं अंतिम शर्यतींत ती दहावी आली. १९८४ सालच्या पी. टी. उषा हिच्यानंतर ऑलिंपिकच्या धांवपट्टीवर वैयक्तिक अंतिम शर्यत गांठणारी ती पहिलीच भारतीय स्त्री.

विधवेच्या डोक्यावरचें कर्ज, कारखान्यांतून सुटलेलें काम, बायको प्रार्थनेस जाते म्हणून घरांत रोज होणारी कटकट : हे लांकडी अडथळे आहेत. त्यांवर पाय टेंकावयास जागा शेजाऱ्यानेंच द्यावयाची असते. बचत गटांतील बाया ती देतात. आपली मंडळी किती देते हें प्रत्येक गांवानें आपल्याशीं पाहावें.

ज्या उपदेशकांच्या गांवीं अशी एकादी जागा रिकामी असेल, त्यांनीं ह्याच आठवड्यांत त्या घरीं जावें. दारांत उभें राहून हजेरीची गोष्ट काढूं नये. आंत बसावें, चहा घ्यावा, आणि गुडघा कितपत फुटला आहे तें विचारावें.