कुलूप आणि सदसद्विवेक

बर्लिन शहरांतील जुन्या भाड्याच्या इमारतींना एक चमत्कारिक किल्ली असे. तिच्या दोन्ही टोकांस सारखेच दांते असत. रात्रीं परतलेल्या भाडेकऱ्यानें ती कुलपांत फिरविली कीं दार उघडे, पण किल्ली बाहेर निघत नसे. ती कुलपांतून आरपार ढकलावी, आंत जावें आणि दाराला पुन्हां कुलूप घालावें, तेव्हांच ती हातीं येई. योहान श्वाइगर नांवाच्या कारागिराच्या या युक्तीवर ब्रूनो लाटूर या फ्रेंच विचारवंतानें पुढें एक निबंधच लिहिला. 'रात्रीं दार लावीत जा' हा उपदेश किती भाडेकऱ्यांनीं पाळला असता कोण जाणे. त्या लोखंडाच्या तुकड्यानें तो सर्वांकडून पाळून घेतला.

मनुष्याचें वर्तन वस्तूंच्या घडणीनें कसें वळवितां येईल, हा आतां विद्यापीठांतील संशोधनाचा विषय झाला आहे. इंग्लंडांतील ब्रूनेल विद्यापीठांत डॅन लॉक्टन या अभ्यासकानें अशा १०१ युक्त्यांचा संग्रह २०१० सालीं सिद्ध केला. त्याहून मला मोलाचा वाटतो तो त्यानें दोन सहकाऱ्यांसह २०१२ सालीं मांडलेला विचार. वस्तु घडविणाऱ्याच्या मनांत ती वापरणाऱ्या माणसाचें एक चित्र असतें, आणि हीं चित्रें मुख्यतः तीन. पहिल्यांत माणूस म्हणजे खेळाच्या फळीवरील गोटी. खिळे ठोकावे तशी ती जाईल. दुसऱ्यांत तो सोपी वाट शोधणारा. चांगली वाटच सोपी करावी म्हणजे झालें. तिसऱ्यांत तो विचारी. त्याला कारण सांगावें. मला वाटतें, रस्त्यावरचा गतिरोधक पहिल्या जातीचा. मुद्दाम न सांगितल्यास कागदाच्या दोन्ही बाजूंवर छापणारें यंत्र दुसऱ्या जातीचें. आणि खर्च झालेल्या विजेचा हिशेब डोळ्यांपुढें ठेवणारा मीटर तिसऱ्या.

येथें नीतिशास्त्राचा प्रश्न उभा राहतो. किल्लीनें रोज दार लावून घेतलें, म्हणून तो भाडेकरी दक्ष झाला काय? सद्गुण संवयीनें अंगीं बाणतो असें ॲरिस्टॉटलनें म्हटलें आहे खरें. पण कृति सद्गुणाची ठरण्यास ती जाणून, तिच्याचसाठीं निवडून आणि स्थिर वृत्तीनें केलेली असावी, ही अटहि त्यानेंच घातली आहे. त्या किल्लीपुढें निवड कोठें उरते?

यावर कोणी म्हणेल, 'भाडेकऱ्याच्या आत्मोन्नतीची वाट पाहत शेजाऱ्यांनीं चोरी सोसावी काय?' आक्षेप रास्त आहे. शाळेसमोरून भरधाव मोटार हांकणाऱ्यास प्रथम आवरावें, उपदेश मागाहून करावा. दुसऱ्याच्या जिवाचा प्रश्न असेल तेथें गोटीसारखें वागविलें जाण्याचा अपमान मी आनंदानें सोशीन. मात्र गतिरोधकानें मला सज्जन केलें असें कोणीं म्हणूं नये. पुढच्या मोकळ्या रस्त्यावर माझा पाय काय करतो, तें पाहावें.

हें लिहितांना मला माझाच व्यवसाय आठवतो. गेलीं सत्तावीस वर्षें मी परीक्षेच्या दालनांत फेऱ्या घालीत आलों आहें. बाकें दूरदूर मांडलेलीं, शेजारीं दुसऱ्या विषयाचा विद्यार्थी बसविलेला, पुस्तकें दाराबाहेर. कॉपीचे प्रकार क्वचितच घडले, आणि त्याला मी विद्यार्थ्यांचा प्रामाणिकपणा म्हणत आलों. वस्तुतः तो गुण बाकांचा होता. इतक्या वर्षांत मीं एकदांहि, वर्गांतल्या लहानशा चांचणीच्या वेळींसुद्धां, प्रामाणिकपणा कां हवा तें सांगून खोलीबाहेर जाण्याचें धाडस केलें नाहीं. त्यामुळें माझे विद्यार्थी प्रामाणिक होते कीं नव्हते, हें मला आजहि सांगतां येत नाहीं. आणि तें त्यांचें त्यांना कळण्याची संधिहि मीं त्यांना दिली नाहीं.

बाकें दूर असावींत, दारांना कुलुपें असावींत. समाज तेवढ्यावाचून चालत नाहीं. परंतु कुलपाच्या गुणाची नोंद माणसाच्या खात्यावर करणें ही आत्मवंचना आहे. वर्षांतून एखादे दिवशीं तरी बाकें जवळ आणावीं, दोन शब्द बोलावे आणि शिक्षकानें बाहेर जावें. येत्या सत्रांत मी तसें करून पाहणार आहें. त्या दिवशीं परीक्षा माझ्या विद्यार्थ्यांची होईल, तितकीच माझ्या सत्तावीस वर्षांच्या शिकवणुकीचीहि होईल.